विणकराचा मुलगा : पाद्री सेबास्टियन क्नाइप

जर्मनीच्या दक्षिणेस बव्हेरिया नावाचा प्रांत आहे. त्या प्रांतातील वोरिसहोफेन हे पूर्वी कोणाच्या खिजगणतीतही नसलेले शेतकऱ्यांचे एक खेडे होते. १८९० नंतरच्या काही वर्षांत एखादा परका प्रवासी उन्हाळ्यातील पहाटे तेथे उतरला असता, तर आपण वेड्यांच्या गावी तर आलो नाही ना, अशी शंका त्याच्या मनात खचित आली असती. दंवाने भिजलेल्या कुरणांतून उमराव, वकील, व्यापारी, शेतकरी, घरंदाज स्त्रिया आणि त्यांच्याच शेजारून मोलकरणी, असे सारे बूटमोजे काढून अनवाणी चालत आहेत. कोणी गुडघ्यापर्यंत पाण्यात उभे राहून पाय उचलीत आहेत. तर कोठे एका आडोशाला झाडांना पाणी घालावयाच्या झारीने माणसांच्या पाठीवर पाणी ओतले जात आहे. हाच प्रवासी तिसऱ्या प्रहरापर्यंत थांबला असता, तर ही सर्व मंडळी एका मोठ्या मांडवात गोळा झालेली त्यास दिसली असती. त्यांच्यासमोर काळा झगा घातलेला, दणकट बांध्याचा, दाट भुवयांचा एक वृद्ध धर्मगुरू उभा राही आणि भाकरी कशी असावी, मुलांच्या अंगावर कपडे किती असावेत, पाणी कसे व किती वेळ ओतावे, या साध्या गोष्टी आपल्या गावरान बोलीत समजावून सांगे. ही व्याख्याने लघुलेखक उतरून घेत आणि पुढे ती पुस्तकरूपाने छापली जात. आमच्या गोव्यात चर्चच्या मुख्य पाद्र्यास विगार म्हणतात. वोरिसहोफेनच्या या विगाराचे नाव सेबास्टियन क्नाइप.

निसर्गोपचार हा शब्द आपल्याकडे आता घरोघरी माहीत झाला आहे. परंतु ज्या माणसांनी तो लोकांस वर्ग भरवून शिकविला, त्यांची चरित्रे आपल्या मुलांच्या वाचनात फारशी येत नाहीत. क्नाइप यांचे चरित्र निवडण्यामागे आमचा आणखीही एक हेतू आहे. ते चरित्र वैद्याचे जितके आहे, तितकेच शाळेसाठी आसुसलेल्या एका गरीब मुलाचे आहे.

सेबास्टियनचा जन्म १७ मे १८२१ रोजी ओटोबॉयरेनजवळच्या श्टेफान्सरीड या लहानशा वस्तीत झाला. वडील हातमागावर कापड विणीत. माग घराच्या तळघरात होता. त्या काळी विणकर माग मुद्दाम ओलसर जागी ठेवीत, कारण कोरड्या हवेत सूत तुटते. सुताला ओल मानवते, पण माणसाच्या छातीला ती मानवत नाही. अकरा-बारा वर्षांचा झाल्यापासून सेबास्टियन त्या तळघरात बसून ठरलेले कापड विणू लागला. मन मात्र मागावर नव्हते. आपण शिकावे आणि धर्मगुरू व्हावे, ही एकच इच्छा त्याला लागून राहिली होती. पण लॅटिन आल्यावाचून वरच्या शाळेत प्रवेश नव्हता, आणि विणकराच्या मुलाला लॅटिन शिकविण्यास कोणी तयार नव्हते. मग त्याने विणून आणि मजुरी करून एकेक नाणे साठविण्यास आरंभ केला. वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत सत्तर गुल्डन जमले. १८४१ साली घराला आग लागली. घर गेले, आणि त्यासोबत ते सत्तर गुल्डनही गेले.

येथे पुष्कळ जणांच्या कथा संपतात. सेबास्टियन घर सोडून ग्रोनेनबाख गावी गेला आणि तेथे गडी म्हणून राबू लागला. त्याच गावी माटियास मेर्क्ल नावाचे एक तरुण पाद्री होते. ते नात्याने त्याचे दूरचे आप्त लागत. १८४२ पासून त्यांनी त्यास लॅटिन शिकविण्यास प्रारंभ केला. मेर्क्ल यांचे नाव आज क्नाइप यांच्या चरित्राबाहेर फारसे कोणास ठाऊक नाही. पण वीस वर्षे उलटलेल्या, मागावर आणि शेतावर हात राठ झालेल्या तरुणाला शब्दांची रूपे घोकवून घेणारा हा शिक्षक लाभला नसता, तर पुढचे काहीच घडले नसते. आमच्या पेशातील माणसाला हा मजकूर वाचताना थोडा आनंद होतो, तो वाचकांनी क्षमा करावा.

१८४४ साली सेबास्टियनला डिलिंगेन येथील विद्यालयात प्रवेश मिळाला. तेव्हा त्याचे वय तेवीस वर्षांचे होते. वर्गात वयाने मोठा मुलगा मागच्या बाकावर अंग चोरून बसतो तेव्हा त्याच्या मनात काय चालते, हे शिक्षकांना ठाऊक असते. येथे तर वयाचे अंतर दोनचार वर्षांचे नव्हते. सोबतचे विद्यार्थी त्याच्या मानाने केवळ पोरे होती. तो रात्री जागून अभ्यास करी. तळघरातील ओल, अपुरे अन्न आणि जागरण यांचा परिणाम व्हावयाचा तो झाला. दोनतीन वर्षांतच खोकला जडला आणि शक्ती खचली. त्याला क्षय झाला असल्याचे सांगण्यात आले. क्षय हा जंतूंमुळे होतो, हे रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली सिद्ध केले. तेव्हा सेबास्टियनच्या तरुणपणी वैद्यांपाशी या रोगावर खरे औषध कसे असणार?

१८४९ साली एका ग्रंथालयात त्याच्या हाती एक जुनाट पुस्तक पडले. योहान सीगमुंड हान नावाच्या सायलेशियातील वैद्याने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ते लिहिले होते, आणि ताज्या थंड पाण्याचे शरीरावर होणारे परिणाम हा त्याचा विषय होता. आता गमवावयाचे काहीच उरले नव्हते. सेबास्टियन ऐन हिवाळ्यात डॅन्यूब नदीवर जाऊ लागला. आठवड्यातून दोनतीनदा तो त्या गोठवणाऱ्या पाण्यात काही क्षणच बुडी मारी, लगबगीने कपडे चढवी आणि अंगात ऊब येईपर्यंत झपाट्याने चालत घरी परते. खोकला हळूहळू कमी झाला आणि अंगात बळ आले. पुढे तो म्युनिक येथील धर्मविद्यालयात गेला. तेथे त्याने काही आजारी सोबत्यांवरही हा उपाय केला. पण रात्री, चोरून, कारण वरिष्ठांस कळते तर अनर्थ होता.

या ठिकाणी आम्हांस थोडे थांबणे भाग आहे. आमचे विद्यार्थी आज्ञाधारक नसले, तरी हा मजकूर वाचून कोणी खोकल्यावर नदीत बुडी मारावयास निघू नये. क्षयाच्या काही रोग्यांमध्ये शरीर स्वतःच जंतूंना कोंडून घालते आणि रोग वर्षानुवर्षे दबून राहतो, हे आता वैद्यकास माहीत आहे. क्नाइप यांच्या बाबतीत काय झाले असावे, त्याचा निवाडा इतक्या वर्षांनी करता येणार नाही. परंतु क्षय थंड पाण्याने बरा होत नाही. डॉक्टरांनी ठरवून दिलेली औषधे पूर्ण मुदतीपर्यंत घेतल्यानेच तो बरा होतो. स्वतःला गुण आला म्हणजे तोच उपाय सर्वांना लागू, असे समजण्याची चूक मोठमोठ्यांच्या हातून होते. क्नाइप यांच्या हातूनही ती पुष्कळदा झाली.

१८५२ साली आउग्सबुर्ग येथे त्यांस धर्मदीक्षा मिळाली. पहिल्या काही वर्षांत त्यांची नेमणूक लहान लहान गावी होत गेली. दार ठोठावणारे लोक प्रार्थनेसाठी येत, तसेच दुखण्यासाठीही येत. १८५४ साली बव्हेरियात कॉलऱ्याची साथ पसरली, तेव्हा ते बोस या गावी होते. साथीच्या घरी पाऊल टाकण्यास जेथे आप्तही कचरत, तेथे हे तरुण पाद्री ओल्या कापडाच्या घड्या आणि गरम कांबळी घेऊन जात. लोकांनी त्यांचे नावच कॉलऱ्याचे पाद्री असे ठेवले. कॉलऱ्यात शरीरातील पाणी आणि क्षार वाहून जातात. ते मीठसाखरेच्या पाण्याने किंवा शिरेतून भरून काढावे लागतात, हे आज प्राथमिक आरोग्यकेंद्रातील परिचारिकाही जाणते. क्नाइप यांस ते ज्ञात नव्हते. त्यांच्या घड्यांनी किती जगले हे सांगणे कठीण. पण रोग्याच्या उशाशी कोणीतरी बसले होते, एवढे खरे.

परवान्यावाचून उपचार करणे हा तेव्हा गुन्हा होता. औषधविक्रेते आणि डॉक्टर यांच्या तक्रारी गेल्या, आणि त्यांस दंडही झाला. क्नाइप यांचे भक्त या प्रसंगाचे वर्णन करताना डॉक्टरांना खलपुरुष ठरवितात. ते आम्हांस मान्य नाही. भोंदू वैद्यांपासून लोकांचे रक्षण व्हावे म्हणूनच तो कायदा होता, आणि चांगला हेतू असलेला माणूसही कायद्याच्या दृष्टीने परवान्याविना उपचार करणाराच ठरतो. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. खेड्यातील मजुराला डॉक्टरांची फी झेपत नव्हती, आणि पाद्री त्याच्याकडून काही मागत नव्हते.

१८५५ साली वोरिसहोफेन येथील डॉमिनिकन जोगिणींच्या मठात त्यांस पाठविण्यात आले. तेथून पुढची बेचाळीस वर्षे ते त्याच गावी राहिले. आरंभी त्यांनी मठाची मोडकळीस आलेली शेती सुधारली, गुरांकडे लक्ष पुरविले, मधमाश्या पाळल्या आणि मधमाश्यांवर एक पुस्तिकाही लिहिली. मठातील अनाथ मुलींस ते शिकवीत. उपचाराची जागा म्हणजे मठाचे धुणीघर! जेथे कपडे धुतले जात, तेथेच झारीने माणसांवर पाणी ओतले जाई. आमच्या मते क्नाइप यांचे मोठेपण या काळात घडले. त्यांनी आपल्या पद्धतीकडे कठोरपणे पाहिले. डॅन्यूबमध्ये बुडी मारणाऱ्या तरुणाचे जालीम उपाय अशक्त बाईला किंवा म्हाताऱ्याला सोसत नाहीत, हे ध्यानी येताच त्यांनी ते सौम्य केले. अनुभव वाढला तसे त्यांनी ते आणखी सौम्य केले, आणि त्यानंतर पुन्हा एकदा. आपली पद्धत आपण तीनदा बदलल्याचे त्यांनी आपल्या ग्रंथात स्वतःच नमूद केले आहे. लोकांचा जयजयकार चालू असताना आपण काल सांगितले ते अधिक तीव्र होते, असे म्हणणारा गुरू विरळा.

त्या पद्धतीत मुळात होते तरी काय? थंड पाणी थोडाच वेळ वापरावयाचे; ओतण्यापूर्वी अंग उबदार असले पाहिजे, आणि नंतर चालून किंवा अंथरुणात शिरून ते पुन्हा उबदार झाले पाहिजे. थंडाव्याने कातडीतील रक्तवाहिन्या आकसतात, आणि मग पुन्हा विस्तारून अंग तापते. या आकसण्या-विस्तारण्याचा शरीराला सराव व्हावा, अशी ती योजना होती. पहाटे दंवातून अनवाणी चालावयाचे, आणि हिवाळ्यात ताज्या बर्फातूनही, पण मोजकी मिनिटेच. वाळलेल्या गवताची फुले कढत पाण्यात भिजवून त्याची पुरचुंडी दुखऱ्या जागी ठेवावयाची. नाना वनस्पतींचे काढे असत. आमच्या आजीच्या हातचा कसाय ज्याने प्यायला आहे, त्याला यात परके असे काही वाटणार नाही.

आहाराविषयी तर ते हट्टाने बोलत. कोंड्यासकट धान्याची भाकरी, भाज्या, दूध, मांस बेताचे आणि मसाले थोडे. कॉफीऐवजी त्यांनी भाजलेल्या सातूचे पेय सुचविले. एका कारखान्याने पुढे पुड्यावर त्यांचे चित्र छापून ते विकण्यास आरंभ केला, आणि ते पेय युरोपभर पसरले. अशक्तांसाठी त्यांचे आवडते अन्न म्हणजे काळ्या पावाचे तुकडे वाळवून, कुटून, दुधात किंवा रस्स्यात शिजविलेली लापशी. ती कृती वाचताना आम्हांस आमच्या घरची दहाच्या सुमाराची उकड्या तांदळाची पेज आठवली. श्रीमंतांच्या टेबलावर जिला स्थान नाही, तिच्यातच बळ आहे, हे त्यांनी उमरावांच्या तोंडावर सांगितले. स्त्रियांची कमर आवळणारे कपडे आणि लहान मुलांना गुदमरविणारे लोकरीचे थर यांवरही त्यांचा रोष होता. मुलांनी अनवाणी हुंदडावे, असे म्हणणारा मोठा माणूस मुलांना प्रिय झाला असेल यात नवल नाही!

१८८६ साली, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, स्नेह्यांच्या आग्रहावरून त्यांनी माझा जलोपचार या अर्थाच्या नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. सामान्य वाचकास घरच्या घरी करता येईल अशा रीतीने ते लिहिले होते. त्याच्या आवृत्तींवर आवृत्ती निघाल्या आणि अनेक भाषांत भाषांतरे झाली. १८८९ साली तुम्ही असे जगावे या अर्थाचे दुसरे पुस्तक आले. आजार झाल्यावर काय करावे यापेक्षा तो होऊ नये म्हणून कसे राहावे, हा त्याचा रोख होता. पुस्तक हाती आल्यावर लोक घरीच उपचार करतील आणि दारची गर्दी ओसरेल, असे कोणास वाटले असेल तर ती अपेक्षा फोल ठरली. माणसे हजारोंनी वोरिसहोफेनला येऊ लागली. शेतकऱ्यांनी आपल्या खोल्या भाड्याने दिल्या, उपाहारगृहे उभी राहिली, आणि १८९६ साली गावापर्यंत लोहमार्गही आला. ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातील आर्चड्यूक योसेफ यांच्यासारखे पाहुणे येत, आणि त्याच रांगेत गुराखीही उभे असत.

एवढ्या गर्दीला एकेकट्याने तपासणे शक्य नव्हते. म्हणून ती रोजची व्याख्याने. आम्हांस वाटते, क्नाइप यांच्या कार्याचा गाभा तेथेच होता. उपचार करणाऱ्याला आपली विद्या गुप्त ठेवण्याचा मोह होतो, कारण गुप्ततेत मान असतो आणि पैसाही असतो. क्नाइप यांनी मांडवात उभे राहून ती सर्वांस सांगून टाकली, जेणेकरून गावी परतलेला माणूस त्यांच्यावाचून चालू शकावा. डॉक्टरांशीही त्यांनी वैर धरले नाही. तपासणीच्या वेळी शेजारी डॉक्टर बसावेत आणि त्यांनी रोगाचे निदान करावे, अशी व्यवस्था त्यांनी केली. आल्फ्रेड बाउमगार्टेन या डॉक्टरांनी त्यांच्यासोबत काम केले व पुढे त्यांचे चरित्रही लिहिले. १८९४ साली या पद्धतीने उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी आपली संघटना स्थापन केली. दंड झालेल्या पाद्र्याच्या आयुष्यातील हा दिवस लहान नव्हता.

पुस्तकांच्या आणि देणग्यांच्या पैशांतून वोरिसहोफेनमध्ये तीन संस्था उभ्या राहिल्या. १८९१ साली सेबास्टियानेउम, १८९३ साली आजारी मुलांसाठी आश्रम आणि १८९६ साली क्नाइपियानुम. मुलांच्या आश्रमावर त्यांचा विशेष जीव होता. म्हातारपणीही ते युरोपातील शहरोशहरी व्याख्याने देत फिरले. १८९४ साली रोम येथे पोप तेरावे लिओ यांची त्यांनी भेट घेतली. श्टेफान्सरीडच्या तळघरात बसून कापड विणणाऱ्या पोराने हे स्वप्नातही पाहिले नसेल.

१८९७ च्या आरंभी त्यांची प्रकृती ढासळली. ओटीपोटात गाठ झाली होती. तिच्यावर पाण्याचा काही उपाय चालण्यासारखा नव्हता. १७ जून १८९७ रोजी, शहात्तर वर्षे पुरी करून, वोरिसहोफेन येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे लोकांनी त्यांची पूजा बांधली, आणि विरोधकांनी त्यांची थट्टाही केली.

त्यांच्या हाताखाली बरे झालेले बेनेडिक्ट लुस्ट हे गृहस्थ अमेरिकेत गेले आणि निसर्गोपचाराची शाळा त्यांनी न्यूयॉर्कमध्ये काढली. आपल्या देशात जर्मन निसर्गोपचार आला तो मुख्यतः लुई कुहने आणि आडोल्फ युस्ट या क्नाइप यांच्याच काळातील दुसऱ्या दोघांच्या ग्रंथांतून. दक्षिण आफ्रिकेत असताना गांधीजींनी ते वाचले आणि स्वतःवर प्रयोग केले. पुढे १९४६ साली पुण्याजवळ उरुळी कांचन येथे त्यांनी खेडुतांसाठी निसर्गोपचार केंद्र सुरू केले. त्याचाही उद्देश लोकांस स्वच्छता, आहार आणि राहणी शिकविणे हाच होता. क्नाइप आणि गांधीजी यांची भेट कधी झाली नाही. पण धुणीघरातील झारी आणि उरुळीच्या आश्रमातील मातीची पट्टी यांत काही नाते आम्हांस दिसते.

वोरिसहोफेनच्या नावामागे १९२० साली बाड, म्हणजे स्नानक्षेत्र, हा शब्द सरकारमान्यतेने लागला. २०१५ साली जर्मनीने क्नाइप यांची ही परंपरा आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत दाखल केली. जर्मनीत आजही अनेक बालवाड्या त्यांच्या पद्धतीने चालतात. गावोगावच्या बागांतून गुडघाभर थंड पाण्याची लहान लहान टाकी बांधलेली आहेत. येणारेजाणारे लोक बूट काढतात, विजारी वर गुंडाळतात आणि त्या पाण्यातून करकोच्यासारखा एकेक पाय पाण्याबाहेर उचलीत फेऱ्या घालतात. पैसे द्यावे लागत नाहीत.